ताई, सायकल आणि हिरवा दरवाजा: ओळखीच्या माणसाच्या कृष्णधवल स्ट्रीट पोर्ट्रेटचं एक प्रकरण

ताई ५८ वर्षांच्या. केस पिकलेले आणि मागे घट्ट बांधलेले, डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, अंगात मरून स्वेटर आणि आत फिकट कॉलरचा शर्ट. उंची १.५५ मीटर. फोटो काढणारा त्यांचा जुना शेजारी, वीसेक वर्षांच्या ओळखीचा. त्याला एकच चित्र हवं होतं: सायकल हातात धरून रोजच्या रस्त्यानं चालत येणाऱ्या ताई. कृष्णधवल, कमरेपासून वर, हँडलवरचे हात दिसतील असं, आणि मागचा रस्ता रस्ता म्हणून ओळखू येईल असं.

वेळ दुपारी चारची. रस्ता दक्षिणोत्तर, त्यामुळे पश्चिमेकडचा फूटपाथ सावलीत आणि समोरच्या पूर्वेकडच्या भिंतीवर लख्ख ऊन. ताई सावलीतल्या फूटपाथवर, एका बंद दुकानाच्या छज्जाखाली उभ्या. डावीकडे त्या दुकानाचा गडद हिरवा लोखंडी दरवाजा, उजवीकडे रस्ता. मागे, कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर विजेचा खांब आणि १२ मीटरवर फूटपाथ एका जुन्या इमारतीच्या कमानीखाली शिरतो, तिथे दाट अंधार. कमानीची उंची साधारण ४.५ मीटर, रुंदी ३ मीटर.

जागा चांगली, उजेड चांगला, माणूस फोटोला राजी. तरीही ५२ फ्रेमपैकी पहिल्या २७ कामाच्या निघाल्या नाहीत. तांत्रिक चूक एकाही फ्रेममध्ये नव्हती. फोकस बरोबर, एक्स्पोजर बरोबर. चूक नजरेची होती. ओळखीचं माणूस समोर असलं की आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि चौकटीकडे बघायचं राहून जातं. चेहऱ्यात जे नाही ते आठवण पुरवते, त्यामुळे मागचा खांब, कानाशी आलेलं भलतंच डोकं, स्वेटरची हरवलेली कड हे काहीच खटकत नाही. बघणाऱ्याजवळ ती आठवण नसते. पुढे जे जे दुरुस्त करावं लागलं, त्यातलं बहुतेक या एका कारणानं बिघडलेलं होतं.

सुरुवात ८५ मिमी लेन्सनं झाली, अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र; आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि मागचं धूसर) एफ/१.८. पोर्ट्रेटसाठी ८५ मिमी हा बहुतेकांचा पहिला विचार असतो आणि स्टुडिओत तो रास्तही आहे. इथे दोन अडचणी आल्या. कमरेपासून वर म्हणजे उंचीत साधारण १.१ मीटरचा भाग आडव्या चौकटीत बसवायचा, तर फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीला जवळपास ३.९ मीटर मागे जावं लागतं. फूटपाथवर एवढं अंतर ठेवलं की माणसं मधून जात राहतात, शिवाय ताईंशी बोलायला आवाज चढवावा लागतो. गप्पा तुटल्या की चेहरा आखडतो. दुसरी अडचण एफ/१.८ची. मागचा रस्ता इतका विरघळला की उरला नुसता करडा धूर. रंगीत फोटोत असा धूर निदान रंगांनी तरी वेगवेगळा दिसतो. कृष्णधवलमध्ये तो सपाट लापशी होतो. रस्ताच नसेल तर स्ट्रीट पोर्ट्रेट म्हणायचं कशाला?

पंधराव्या फ्रेमपासून ३५ मिमी लेन्स लागली आणि अंतर १.६ मीटरवर आलं. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर हेच दृश्य साधारण २३ मिमीला मिळतं. या अंतराला चौकटीत आडवं सुमारे १.६५ मीटर आणि उभं १.१ मीटर मावतं, म्हणजे माणूसही येतो आणि रस्ताही. चेहऱ्याचं रूप लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं; १.६ मीटरवर नाक नाकाएवढंच दिसतं. मीटरच्या आत घुसलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसू लागतात. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: ३५ मिमीला चेहरा चौकटीच्या कडेला नेला तर तो आडवा ताणला जातो. त्यामुळे चेहरा मधल्या तिसऱ्या भागात, फार तर त्याच्या कडेवर. विषय मधोमध न ठेवता चौकटीच्या एक तृतीयांशावर ठेवावा हा तृतीयांशाचा नियम पाळायचा म्हणून चेहरा कोपऱ्याकडे ढकलण्याची इथे गरज नव्हती. सायकलचं हँडल आणि हात चौकटीला एका बाजूनं पुरेसं वजन देत होते.

अॅपर्चर एफ/४ वर स्थिरावलं. या लेन्सला १.६ मीटरवर फोकस केला की साधारण १.३८ ते १.९० मीटरपर्यंतचं स्पष्ट येतं, म्हणजे अर्ध्या मीटरची पट्टी. डोळे, हात आणि हँडल तिच्यात बसतात. आणखी एक फायदा: कॅमेऱ्याचा डोळे ओळखणारा ऑटोफोकस कधी कधी डोळ्याऐवजी चष्म्याच्या काळ्या फ्रेमला धरतो. एफ/१.८ला ती चूक महागात पडते, एफ/४ला पोटात घातली जाते. कमान १२ मीटरवर मऊ होते, पण कमान म्हणून कळते.

कॅमेरा किती उंचीवर धरायचा?

या प्रश्नाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि या प्रकरणात चित्र वाचलं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

सरळ धरलेल्या कॅमेऱ्यात क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्याच उंचीवर असतं. फोटोग्राफरनं सवयीनं कॅमेरा आपल्या डोळ्याशी, म्हणजे सुमारे १.६ मीटरवर धरला होता. ताईंचा माथा १.५५ वर. मागून १० मीटरवरून येणारी सरासरी उंचीची माणसं कॅमेऱ्याच्या दृष्टीनं नेमकी ताईंच्या केसांच्या लगेच वर आली. पंधरा ते एकवीस या फ्रेममध्ये ताईंच्या डोक्यातून दुसरी डोकी उगवल्यासारखी दिसतात. मग तो थोडा वाकला आणि कॅमेरा ताईंच्या डोळ्यांच्या पातळीला, १.४४ वर आला. आता मागची डोकी ताईंच्या डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभी. डोळ्यांच्या ओळीत दुसरे डोळे आले की नजर ठरत नाही. हे डोक्यावरच्या डोक्यापेक्षाही वाईट.

गुडघे आणखी वाकवून कॅमेरा १.२५ मीटरवर, ताईंच्या खांद्याच्या जरा खाली आणला. १० मीटरवरच्या १.६५ मीटर उंच माणसाचा माथा आता ताईंच्या जागी १.३१ मीटरच्या आसपास पडतो, म्हणजे खांद्यापाशी. चेहऱ्याभोवती मोकळी जागा झाली. मग अजून खाली का जाऊ नये? कमानीमुळे. कॅमेरा १.२५ वर असताना कमानीचा वरचा काठ ताईंच्या जागी १.६८ मीटरवर दिसतो, माथ्याच्या सुमारे १३ सेंटिमीटर वर. तोच कॅमेरा १ मीटरवर उतरवला की काठ १.४७ वर येतो आणि कपाळातून आरपार जातो. म्हणजे चांगली जागा फक्त वीतभर उंचीची होती. अशी वीत प्रत्येक रस्त्यावर वेगळ्या उंचीवर असते. ती शोधायला गुडघे वाकवून कॅमेरा हळूहळू वर-खाली करून बघणं हा एकच उपाय. स्क्रीन वर वळत असेल तर कॅमेरा छातीशी धरून हे आरामात जमतं.

आडवी दुरुस्तीही अशीच. खांब ताईंच्या उजव्या कानामागे उभा होता आणि कमानीचा अंधार डोक्यापासून बाजूला पडला होता. पहिली सूचना ताईंना गेली: “ताई, जरा इकडे सरका ना.” त्या सरकल्या, सायकल सरकली, चेहऱ्यावरचा उजेड बदलला आणि हातही अवघडले. माणसाला हलवण्यापेक्षा स्वतः हलणं कितीतरी स्वस्त. कॅमेरा ४० सेंटिमीटर बाजूला नेला, तर १.६ मीटरवरच्या ताईंच्या मागे १२ मीटरवरची कमान जवळपास २.६ मीटर सरकते आणि ६ मीटरवरचा खांब १.१ मीटर. एका पावलात खांब खांद्यापलीकडे गेला आणि अंधार डोक्यामागे आला. पिकल्या केसांना मागे काळं मिळालं. केसांची कड उजळ रेघेसारखी सुटून आली. सुरुवातीच्या फ्रेममध्ये हेच केस उन्हातल्या फिकट भिंतीवर पडून नाहीसे झाले होते.

मरून आणि हिरवा

प्रत्यक्षात हिरव्या दरवाजापुढे मरून स्वेटर सुरेख उठून दिसतो. त्यामुळेच ती जागा निवडली गेली होती. कृष्णधवलमध्ये पाहिलं तर ताईंचा डावीकडचा खांदा गायब. खांदा संपतो कुठे आणि दरवाजा सुरू होतो कुठे, कळतच नव्हतं.

कारण आकड्यांत सरळ दिसतं. रंगाचा करडा करताना नेहमीच्या हिशेबात लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असं वजन देतात. स्वेटरच्या सावलीतल्या भागाचे आकडे लाल १२०, हिरवा ४०, निळा ४५. बेरीज येते सुमारे ६४. दरवाजाचे आकडे लाल ३०, हिरवा ८५, निळा ६०. बेरीज सुमारे ६६. शून्य ते २५५ च्या पट्टीवर दोनच घरांचा फरक. डोळ्याला जे दोन टोकाचे रंग वाटतात, ते करड्यात सख्खी भावंडं निघाली.

यावर तीन उपाय आहेत आणि इथे तिन्ही थोडे थोडे वापरले. पहिला जागेवरचा: स्वेटरची वरची दोन बटणं उघडून फिकट कॉलर बाहेर काढली. चेहऱ्याखाली एक उजळ कोन तयार झाला आणि मान धडापासून सुटली. दुसरा, ताईंना हनुवटीपासून पायापर्यंत जरासं रस्त्याकडे, साधारण २० अंश वळवलं. समोरच्या उन्हातल्या भिंतीचा उजेड खांद्याच्या वरच्या कडेवर घसरत आला आणि दरवाजापासून एक बारीक रेघ वेगळी झाली. तिसरा उपाय नंतर संगणकावर: कृष्णधवल मिक्समध्ये (कुठला रंग किती फिकट करडा दिसावा हे ठरवणाऱ्या पट्ट्यांमध्ये) हिरव्याची पट्टी +२५. दरवाजा उजळला, स्वेटर होता तिथेच राहिला. इथे हावरटपणा नको. पट्टी फार पुढे ओढली की दोन रंगांच्या सीमेवर पांढुरकी किनार उमटते आणि सावलीतला हिरवा दाणेदार होतो. या फाइलमध्ये +४० ला ते दिसायला लागलं होतं. लालची पट्टी खाली ओढून स्वेटर काळा करणं सोपं वाटतं, पण त्याच लालमध्ये ओठ, नाकाचा शेंडा आणि गालावरचे डागही असतात; ते सगळे काळवंडतात. लालची पट्टी उणे १० च्या पुढे नेली नाही. उलट केशरी +१२, कारण कातडीचा बराचसा उजेड केशरीत असतो.

फिल्मवर हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. लेन्सवर हिरवा फिल्टर लावला तर दरवाजा उजळतो, स्वेटर आणि ओठ गडद होतात. लाल फिल्टरनं नेमकं उलट आणि त्याची किंमत साधारण ३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). लाल न दिसणाऱ्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवरच्या पोर्ट्रेटमध्ये ओठ काळे आणि चेहरे डागाळलेले दिसतात, ते याच कारणानं.

या भानगडीचा अंदाज जागेवरच यावा म्हणून कॅमेऱ्याचं पिक्चर स्टाइल मोनोक्रोमवर आणि फाइल रॉमध्ये (सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या रूपात) ठेवावी. स्क्रीनवर करडं दिसतं, रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात आणि पुढे पट्ट्या हलवता येतात. फक्त जेपेग ठेवली तर रंग गेला तो गेलाच. आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर रंगीतच दाखवतो. तिथे लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट दृश्य) लावावा, नाहीतर डोळे बारीक करून बघावं. डोळे अर्धवट मिटले की रंग मंदावतात आणि फिकट-गडद ठळक होतं.

छज्जानं वरून येणारा आकाशाचा उजेड अडवला होता, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावली नव्हती. उजेड सगळा रस्त्यापलीकडच्या भिंतीवरून, बाजूनं आणि मोठ्या पृष्ठावरून येत होता. रस्त्याकडचा गाल आणि दरवाजाकडचा गाल यांत सुमारे २ स्टॉपचा फरक. कृष्णधवलला हा छान मानवतो. ३ च्या पुढे गेला की अंधाऱ्या बाजूचा डोळा हरवतो. उभं राहायची जागा शोधताना आपला तळहात चेहऱ्याच्या उंचीवर धरून गोल फिरवावा. बोटांमधल्या सावल्या जिथे मऊ होतात, तिथे माणसाला उभं करावं.

एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल: आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) ४००, एफ/४, १/४०० सेकंद. भर उन्हात याच आयएसओला एफ/१६ आणि १/४०० लागलं असतं. छज्जाखाली ४ स्टॉप कमी, हिशेब जुळतो. मॅन्युअल यासाठी की पाठीमागे काळी कमान आली की उजेड मोजणारा स्वयंचलित मीटर फसतो, सगळं उजळवतो आणि फिकट कॉलर फाटते, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी उरते. बाजूला ऊन आलं की उलटा फसतो. चेहऱ्यावरचा उजेड तोच असताना दर फ्रेमला एक्स्पोजर बदलायचं काहीच कारण नाही.

चष्म्यानं थोडा वेळ खाल्ला. समोरची भिंत दोन्ही काचांत पांढरी चमकत होती. चष्मा काढायचा प्रश्नच नव्हता. ताईंचा चेहरा चष्म्यासकटच ताईंचा, शिवाय नाकावर पॅडचे वळ उठलेले असतात. चष्म्याच्या काड्या कानांवरून अर्धा सेंटिमीटर उचलल्या, काचा किंचित खाली झुकल्या आणि चमक निघून गेली. हनुवटी जराशी खाली घेतली तरी हेच होतं, पण त्यात कपाळ पुढे येतं. पोलरायझर फिल्टर इथे फारसा उपयोगी नाही: काचेवर जवळजवळ सरळ पडणारा उजेड पुरेसा ध्रुवित होत नाही आणि दीड-दोन स्टॉप मात्र फुकट जातात.

आता चेहरा. १९१६ मध्ये अमेरिकन फोटोग्राफर पॉल स्ट्रँड यांनी कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स बसवून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर अनोळखी माणसांचे जवळून फोटो घेतले, समोरच्याला कळू नये म्हणून. ओळखीच्या माणसाशी असं वागता येत नाही आणि वागूही नये. कॅमेरा वर गेला की ओळखीचं माणूस आपल्यासाठी एक खास हसू काढतं. ते खोटं नसतं, पण ते फोटो काढणाऱ्याला दिलेलं असतं, बघणाऱ्याला नाही. ताईंचं हे हसू सव्वीस-सत्ताविसाव्या फ्रेमपर्यंत टिकलं. ते आपोआप उतरू द्यावं. “हसू नका” म्हटलं की चेहरा दगडी होतो. मग हाताला काम दिलं: सायकलचं कुलूप काढून कॅरियरला अडकवा. त्यानंतर असा प्रश्न, ज्याचं उत्तर आठवून द्यावं लागेल: “ताई, ही सायकल कितव्या वर्षीची?” त्या म्हणाल्या, “थांब रे, सांगते,” आणि कमानीकडे नाही, हँडलकडे बघून आठवू लागल्या. बोलताना फोटो घेतला तर ओठ वेडेवाकडे येतात. उत्तर संपल्यानंतरचा एखादा क्षण किंवा त्या ऐकत असतानाचा क्षण, बटण तेव्हा. दर फ्रेमनंतर स्क्रीन बघणं या वेळी बंद. फोटोग्राफरनं मान खाली घातली की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं.

हात चौकटीत घेताना मनगटावर, कोपरावर किंवा बोटांवर चौकट कापू नये. पहिल्या काही फ्रेममध्ये चौकटीची खालची कड बरोबर मनगटावरून गेली होती आणि हात तुटल्यासारखे दिसत होते. अडतिसाव्या फ्रेममध्ये दोन्ही मुठी पूर्ण आहेत, उजव्या अंगठ्याखाली ब्रेकची तार दिसते. चौकटीचे चारही कोपरे बघायची सवय इथे उपयोगी पडली: उजव्या कोपऱ्यात एका पाटीवर ठळक पांढरी अक्षरं होती. वाचता येणारी अक्षरं चेहऱ्याच्या आधी वाचली जातात आणि कृष्णधवलमध्ये तर सगळ्यात पांढरं असेल तिकडे नजर पहिली धावते. कॅमेरा हातभर फिरवून पाटी निम्मी बाहेर काढली. उरलेली नंतर ०.७ स्टॉप गडद केली.

शेवटी दोन फ्रेम उरल्या, एकतीस आणि अडतीस. एकतीसमध्ये ताई मोकळ्या हसताहेत. घरच्यांना आणि फोटोग्राफरला तीच आवडली. अडतीसमध्ये उत्तर देऊन झालंय, ओठ मिटलेत, नजर हँडलवरून नुकती वर आलीय. निवडीसाठी दोन्ही फोटो स्क्रीनवर ३ सेंटिमीटरचे करून, ताईंना कधीही न भेटलेल्या माणसाला दाखवले. एकतीसमध्ये त्याला दात आणि चष्म्यातली चमक आधी दिसली. अडतीसमध्ये आधी चेहरा, मग हात. अडतीस ठरली. वरून साधारण ७ टक्के कापलं, कारण १.२५ वरून सरळ धरलेल्या कॅमेऱ्यानं डोक्यावर जरा जास्त मोकळीक सोडली होती. कॅमेरा वर-खाली तिरका न केल्यामुळे दरवाजाच्या उभ्या रेघा मात्र ताठ राहिल्या. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला एक तृतीयांश स्टॉप उजेड दिला, त्याहून जास्त नाही.

पहिला प्रिंट मॅट कागदावर काढला आणि तो फसला. मॅट कागद चकचकीत कागदाइतकं खोल काळं धरत नाही. स्क्रीनवर कमानीचा अंधार ८ ते १० वर होता आणि स्वेटरच्या घड्या २० ते ३० मध्ये. कागदावर दोन्ही एकाच मेणचट काळ्यात गेले. दुसऱ्या प्रिंटला कमान होती तिथेच ठेवली, कर्व्हचा (फिकट-गडद जुळवणाऱ्या रेघेचा) खालचा भाग थोडा उचलून स्वेटरच्या घड्या ४० च्या पुढे आणल्या आणि एकूण प्रिंट पाव स्टॉप उजळ केला. त्यात कोपरापाशी रफू केलेली जागा दिसू लागली.